लोणार विवर पदभ्रमण

लोणार विवर पदभ्रमण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील आघाती विवरात पायी उतरून पुन्हा काठावर येण्याची भ्रमंती होय. सह्याद्रीतील गडांवर आधी चढण आणि मग उतार असतो. येथे क्रम उलटा आहे. काठापासून सरोवर सुमारे १३७ मीटर खोल असल्याने उभी चढण थकलेल्या पायांच्या वाट्याला शेवटी येते.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून निर्माण झाले. एक प्रचलित वाट धारेच्या गोमुख मंदिराजवळून खाली जाते. धारेचा झरा गोड्या पाण्याचा, तर तळाचे सरोवर खारे व तीव्र अल्कधर्मी आहे (सामू सुमारे १०). त्यामुळे पिण्याचे पाणी वरूनच न्यावे लागते. पुढे दाट झाडी, भग्न मंदिरे आणि सरोवरालगतचे कमळजा देवीचे मंदिर लागते. पावसाळ्यात दगड निसरडे होतात.

हा परिसर २००० पासून अभयारण्य व २०२० पासून रामसर क्षेत्र आहे. विवरात निवासाची सोय नसल्याने मुक्काम वर लोणारलाच होतो. सवड असल्यास दुसरा दिवस काठाच्या भ्रमंतीसाठी आणि गावातील शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिरासाठी राखता येतो.