पाळकाचे शिक्षण

ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि पाळकाची सेवा यांचा आमच्या खानदेशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कवितेच्या वाटेने जुळला आहे.

१९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास तेथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हेच ठोमरे पुढे अहमदनगरास रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पुत्रवत् माया दिली.

टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत ते शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. सेमिनरीतील विद्यार्थी त्रैक्य, देहधारण, प्रायश्चित्त हे सिद्धांत शिकतो. उपदेश कसा करावा, आजाऱ्यास आणि शोकग्रस्तास धीर कसा द्यावा, हेही शिकतो. पण ज्या सिद्धांतांची मांडणी ग्रीक आणि लॅटिन भाषांत घडली व जे इंग्रजीतून आपल्याकडे आले, ते औतामागे चालणाऱ्या शेतकऱ्यास सांगावे कसे? टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून उत्तर दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. त्यांच्यामागे ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पश्चिम खानदेशात, नवापूरकडच्या भिल्ल-मावची वस्तीत जाणाऱ्या पाळकापुढे तर याहून अवघड काम होते. तेथे घरची बोली मराठीहूनही वेगळी.

भाषेचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. पाळकाचा कळप कोणता? मंडळीच्या वहीत ज्यांची नावे आहेत तेवढाच काय? ठोमरे टिळकांच्या घरी राहिले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्या घरचा जिव्हाळा उणावला नाही. आम्हांस वाटते, सेमिनरीच्या फळ्यावर न मावणारा धडा तो हाच.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा मानली, तर पाळकाने ती ऐच्छिक कशी ठरवावी? दार सताड उघडे ठेवले तर घराच्या भिंती कशास, असे शास्त्रनिष्ठ विद्यार्थी विचारील. टिळकांची बाजू घेणारा म्हणेल, भिंती आतल्यांच्या आसऱ्यासाठी असतात, बाहेरच्यास अडविण्यासाठी नव्हे. आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे. पण पहिला प्रश्न ज्याला कधी पडलाच नाही, त्याने दुसऱ्याचे उत्तर देण्याची घाई करू नये.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनावर बालकवींना रेल्वे अपघातात मृत्यू आला. ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. दरबारास त्यांच्या हातून दोन वर्षेही लाभली नाहीत. वाद मिटला नाही. मात्र धरणगावच्या एका पोरास परक्या धर्माच्या घरात आपलेपण मिळाले होते, ही गोष्ट खानदेशाने विसरू नये.