फेनवे पार्क : अपुरी आसने आणि वाढते तिकीटदर

फेनवे पार्क हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहराचे बेसबॉल मैदान. ‘बॉस्टन रेड सॉक्स’ या व्यावसायिक संघाचे हे घरचे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले. मेजर लीग बेसबॉलमधील वापरात असलेल्या मैदानांत ते सर्वांत जुने आहे आणि तेथील तिकिटे दीर्घकाळ सर्वांत महागड्या तिकिटांत गणली गेली आहेत.

रस्त्यांनी चहूकडून आवळलेल्या वेड्यावाकड्या भूखंडावर हे मैदान बसवलेले आहे. डाव्या अंगाला लॅन्सडाउन रस्ता इतका जवळ, की तिकडे गॅलरीला जागाच उरली नाही. तेथे ३७ फुटांहून उंच भिंत आहे. १९४७ मध्ये जाहिराती काढून ती हिरवी रंगवण्यात आली आणि पुढे ‘ग्रीन मॉन्स्टर’ या नावाने ख्यातनाम झाली. मैदानाची प्रेक्षकक्षमता सुमारे साडेसदतीस हजार. याउलट लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये ५६ हजार प्रेक्षक बसतात.

आहेत त्या आसनांचीही प्रत सारखी नाही. जुन्या गॅलरीचे छप्पर लोखंडी खांबांवर पेललेले असल्याने खांबामागे बसणाऱ्याला कधी चेंडू टाकणारा पिचर दिसत नाही, तर कधी फलंदाज. लाकडी निळ्या खुर्च्या अरुंद आहेत, पाय पसरायला जागा नाही. उजव्या टोकाच्या कित्येक खुर्च्यांचे तोंड होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेकडे, नसून मधल्या मैदानाकडे आहे. तेथील प्रेक्षकाला सामनाभर मान वळवून बसावे लागते. दिवसाच्या सामन्यांत तर मधल्या मैदानामागच्या बाकांचा एक पट्टा काळ्या कापडाने झाकतात. फलंदाजाला चेंडू स्वच्छ दिसावा म्हणून हे करावे लागते, आणि तेवढी तिकिटे विक्रीतून बाद होतात.

१९९९ मध्ये तेव्हाच्या मालकांनी शेजारीच नवे, मोठे मैदान बांधण्याची योजना मांडली होती. जुने मैदान वाचवण्यासाठी नागरिकांनी चळवळ केली. २००२ मध्ये संघ जॉन हेन्री यांच्या गटाकडे गेला आणि जुन्याचीच डागडुजी करण्याचे धोरण ठरले. २००३ मध्ये ग्रीन मॉन्स्टरच्या माथ्यावर आणि २००४ मध्ये उजव्या गॅलरीच्या छपरावर आसने आली. क्षमता सुमारे ३४ हजारांवरून वाढली खरी, पण नवी आसने मोजकी आणि चढ्या दराची होती. सामान्य प्रेक्षकाची अडचण त्यांमुळे फारशी सुटली नाही.

त्याच सुमारास मागणीला उधाण आले. २००४ मध्ये संघाने १९१८ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिज ही मेजर लीगची अंतिम मालिका जिंकली. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत नियमित हंगामातील सलग ७९४ घरच्या सामन्यांची तिकिटे संपल्याची नोंद संघाने केली. एका हंगामात घरचे सामने ८१ च असतात. त्यांतील बरीच आसने हंगामी तिकीटधारकांकडे जात असल्याने सुट्या तिकिटांवर उड्या पडत. पुढे प्रतिस्पर्धी संघ, वार आणि मोसम पाहून दर बदलण्याची पद्धत रुळली. न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचे सामने यात सर्वांत महाग पडतात.

तिकिटांच्या पुनर्विक्रीवर मॅसॅच्युसेट्समध्ये जुना कायदा आहे. परवानाधारक विक्रेत्याला छापील किमतीवर फक्त दोन डॉलर आणि सेवाखर्च घेता येतो. मात्र ‘सेवाखर्च’ या सदरात बरेच काही बसत असल्याने हा कायदा दर आवरायला अपुरा ठरला आहे. कमी पैशांत आत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी उभ्याने सामना पाहण्याची तिकिटे उपलब्ध असतात.