महाराष्ट्र उत्तरेत की दक्षिणेत? दखनच्या बाजूने थोडं

महाराष्ट्र उत्तर भारतात येतो की दक्षिण भारतात? प्रश्न शाळकरी वाटतो, पण तो दर काही वर्षांनी तापतो. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या तीन महिन्यांत दोन्ही बाजू जोरात होत्या. एक म्हणत होती, लिपी देवनागरी, भाषा संस्कृतोद्भव, मग हिंदीचं वावडं कशाला? दुसरी म्हणत होती, आपलं नातं तमिळ-कन्नड भावंडांशी आहे, आपण दक्षिणेच्या रांगेत उभं राहिलं पाहिजे.

या वादात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जाते. महाराष्ट्र कुठेही ठेवा, महाराष्ट्रातला मुसलमान मात्र उत्तरेचाच. का, तर तो उर्दू बोलतो. मी नगर जिल्ह्यात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि "तुम्ही मूळचे यूपीचे का?" हा प्रश्न मला इथल्याच लोकांनी अनेकदा विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याच्या कित्येक पिढ्या सीना आणि प्रवरेच्या पाण्यावर वाढल्या, त्याला हे विचारलं जातं, तेव्हा आपल्या इतिहासातलं एक अख्खं पान गळालंय हे कळतं. ते पान दखनचं आहे.

सरकारी उत्तर अगदी सोपं आहे: महाराष्ट्र पश्चिमेत. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने देशाचे पाच विभाग पाडले, त्यात आपण पश्चिम विभागात गेलो. गंमत अशी की त्या वेळच्या पश्चिम विभागात दोनच राज्यं होती, मुंबई आणि म्हैसूर. म्हणजे आजचा कर्नाटक 'पश्चिम' होता! बैठका भरवण्याच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा त्या. त्यावरून कोण कुणाचा हे ठरत नाही.

जुन्या लोकांची रेषा वेगळी होती. ती नर्मदेवरून जात होती. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राजाला 'दक्षिणापथपती' म्हटलंय आणि त्याची राजधानी पैठण, आमच्या शेवगाव तालुक्याला लागूनच, गोदावरीपलीकडे. सन 634 च्या ऐहोळे शिलालेखात तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हणून ज्या दुसऱ्या पुलकेशीचं वर्णन येतं, त्याची राजधानी कर्नाटकातल्या बदामीला होती, आणि त्यानेच उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेपाशी रोखलं. पंचद्रविड ब्राह्मणांच्या यादीत आंध्र, कर्नाटक, द्रविड, गुर्जर यांच्याबरोबर महाराष्ट्र येतो. पंचांग घ्या. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, कर्नाटक-आंध्रासारखा. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात ते त्यामुळेच. ज्ञानेश्वरी तर आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाची, शके 1212 मधली. तिच्या शेवटी ज्ञानदेव आपला पत्ता देतात तो महाराष्ट्र मंडळाचा आणि गोदावरीच्या दक्षिण काठाचा.

पण माझा धंदा भाषेचा, त्यामुळे मला खरा पुरावा वर्गात दिसतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. "आम्ही जातो" म्हटलं की ऐकणारा त्यात नाही, "आपण जाऊ" म्हटलं की आहे. हिंदी-उर्दूत दोन्हीला 'हम'. तेलुगूत मात्र मेमु आणि मनम्, तमिळमध्ये नांगळ् आणि नाम्, अगदी आपल्यासारखे. (गुजरातीतही हा भेद आहे, ते मान्य करून पुढे जातो.) दुसरं उदाहरण 'म्हणून'चं. "तो येणार नाही म्हणून सांगितलं" या वाक्यात आधी निरोप येतो, मग 'म्हणून', मग सांगणं. तेलुगूतलं 'अनि' आणि कन्नडमधलं 'अंत' याच जागी बसून हेच काम करतात. प्रमाण उर्दूची रीत उलटी: "उसने कहा कि वो नहीं आएगा." आधी कहा, मग कि, मग निरोप.

आता नगरच्या मोहल्ल्यातलं पोरगं काय म्हणतं? "वो नहीं आता बोल के बोला." शब्द सगळे उर्दूचे, पण वाक्याची ठेवण पूर्ण दखनची. 'बोल के' म्हणजे थेट 'म्हणून'. हेच पोरगं 'नक्को' म्हणतं, तो मराठीचा 'नको'. 'मैंइच', 'वोइच' म्हणतं, तो शेवटचा च आपल्या 'मीच', 'तोच' मधला. हैदराबादच्या बोलीवर लोक हसतात, सिनेमेही काढतात, पण त्या हसण्यात कुणाच्या लक्षात येत नाही की ज्यावर आपण हसतोय ते बरंचसं मराठी आहे. मी वर्गात सांगतो, परीक्षेत प्रमाण उर्दू लिहा, मार्क त्यालाच आहेत. पण 'नक्को' ही चूक नाही, तो तुमच्या पणजोबांचा राहण्याचा दाखला आहे.

ही बोली लिहिली जात होती, हेही सांगायला हवं. तालिकोटच्या लढाईवर हसन शौकीने निजामशहाच्या विजयाचं 'फतहनामा' रचलं ते दखनीत. दिल्लीत उर्दू शायरी बाळसं धरायच्या आधी इथे काव्याची परंपरा उभी होती, आणि पुढे वली दखनीचा दीवान दिल्लीत पोचला तेव्हा तिकडच्या शायरांनी त्याचा कित्ता गिरवला. (नगरच्या मातीत लिहिलेली उर्दूतली सर्वात गाजलेली पत्रं मात्र मौलाना आझादांची, 'गुबार-ए-खातिर'. 1942 ते 1945 ते इथल्या किल्ल्यात कैदेत होते. त्यातली उर्दू अस्सल उत्तरेची. पाहुण्याची भाषा पाहुण्यासारखीच असणार.)

आता इतिहासाकडे येतो. दखन हे फक्त भूगोलाचं नाव नव्हतं, तो एक पक्ष होता. बहामनी दरबारात दोन गट होते. एक दखनी, म्हणजे इथे जन्मलेले किंवा इथे मुरलेले. दुसरा आफाकी, म्हणजे इराण-तुराणाहून नव्याने आलेले परदेशी. 1481 मध्ये महमूद गावानचा बळी गेला तो याच भांडणात, आणि दखनी गटाचा पुढारी होता मलिक हसन. फरिश्ता सांगतो की हा मलिक हसन जन्माने ब्राह्मण, घराणं पाथरीचं. त्याचाच मुलगा मलिक अहमद, ज्याने 1490 मध्ये निजामशाही उभी केली आणि चार वर्षांनी भिंगारजवळ शहर वसवलं. ज्या राज्याची ही राजधानी झाली, त्याचा पायाच 'आम्ही इथले' या दाव्यावर होता.

या दाव्याची काळी बाजूही आहे. 1589 मध्ये याच नगरात सत्ता दखनी गटाच्या जमाल खानाच्या हाती गेली आणि परदेशींची कत्तल झाली. खुद्द फरिश्ता, जो कास्पियनकाठच्या अस्त्राबादहून लहानपणी इथे आला होता, त्याच वर्षी नगर सोडून विजापूरला गेला. भूमिपुत्राचं राजकारण आजचं नाही आणि ते तेव्हाही निष्पाप नव्हतं.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. दखनी कोण, हे रक्तावर ठरत नव्हतं. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला जात इथवर आला आणि दखनी राजकारणाचा सर्वात मोठा माणूस झाला. 1624 ची भातवडीची लढाई नगर तालुक्यातलीच. समोर मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा. अंबरने तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि रात्रीच्या छाप्यांनी तिला हैराण केलं. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी, जे तिथेच पडले. या दोन भावांची नावं नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याच्या नवसावरून ठेवली गेली, अशी परंपरा आहे.

आणि मग 1677 चं ते पत्र. छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तह झाला होता. विजापुरात बहलोल खान पठाणाने सत्ता बळकावली होती. महाराजांनी आदिलशाहीतल्या मालोजी घोरपड्यांना लिहिलं. घोरपडे-भोसले वैर जुनं होतं, महाराजांनी ते मागे टाकायला सांगितलं. पत्राचा गाभा असा: दक्षिणची पातशाही आपणा दक्षिण्यांच्याच हाती राहिली पाहिजे, म्हणून पठाणाला सोडा आणि आमच्याबरोबर कुतुबशहाला येऊन मिळा. या 'आपणा'त भोसले आहेत, घोरपडे आहेत आणि कुतुबशहाही आहे. बाहेर आहेत पठाण आणि मोगल. म्हणजे रेषा धर्मावर ओढलेली नाही, ती प्रदेशावर आहे. वर्गात 'आम्ही' आणि 'आपण' शिकवताना मला हे पत्र हटकून आठवतं.

उत्तरेलाही हा फरक ठाऊक होता. पानिपतावर लिहिणारे फार्सी लेखक मराठ्यांना 'दखनी' म्हणतात.

मग महाराष्ट्र दक्षिणेत, असं म्हणून विषय संपवावा का? मला ते पटत नाही. मराठी शेवटी आर्य कुळातलीच भाषा आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि खानदेशची अहिराणी ऐकली की गुजरात-माळवा जवळ आल्यासारखा वाटतो. इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात ठेवलं, उत्तर आणि दक्षिणेच्या चालीरीती जिथे एकमेकींत शिरतात तिथे. मामाची मुलगी करण्याची रीत उत्तरेतल्या हिंदूंना चालत नाही, दक्षिणेत ती पहिली पसंती, आणि आपल्याकडे मराठा घरांतही ती नवी नाही. आमच्या नगर जिल्ह्याचं नवं नाव ज्यांचं आहे, त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि त्यांनी राज्य केलं ते महेश्वरहून, नर्मदेच्या उत्तर काठावरून.

म्हणून मला 'उत्तर की दक्षिण' हा प्रश्नच अपुरा वाटतो. 'दक्षिण' म्हणजे फक्त द्रविड भाषा आणि 'उत्तर' म्हणजे हिंदी पट्टा, ही वाटणी अलीकडची. तिच्याआधी दखन नावाची तिसरी जागा होती, जिथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात बोलल्या जात. 1956 मध्ये हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले. मराठवाडा इकडे आला, तेलंगणा आंध्रात गेला, बाकीचा म्हैसूरला. ते योग्यच झालं, माणसाला त्याच्या भाषेतलं राज्य मिळालं पाहिजे. फक्त दखनीच्या वाट्याला कुठलंच राज्य आलं नाही. तिचे बोलणारे शाळेच्या अर्जात मातृभाषेपुढे 'उर्दू' लिहू लागले, आणि उर्दू म्हणजे लखनौ-दिल्ली हे समीकरण पक्कं झालं. पुण्यात 'डेक्कन' एका चौकापुरतं उरलं आणि रेल्वेत एका गाडीपुरतं.

आमच्या जिल्ह्याचंच बघा ना. गोदावरी उत्तर सीमेवर, भीमा दक्षिण सीमेवर, मध्ये आम्ही. विद्यापीठ पुण्याचं, ऊस पश्चिम महाराष्ट्राचा, पाण्याचं भांडण मराठवाड्याशी आणि महसूल विभाग नाशिक, म्हणजे कागदावर आम्ही उत्तर महाराष्ट्र. आणि नाशिक जिल्हा 1869 मध्ये निघाला तो मुख्यतः नगर जिल्ह्यातूनच.