औषधाच्या कुपीतला राखणदार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. पण औषधाच्या लहानशा कुपीलाही इतिहास असतो आणि त्यातही जय-पराजय असतात. तोच आज सांगायचा आहे.

अंड्यातला पांढरा भाग वाटीत घेऊन फेटून पाहा. विस्तव नाही, आंबट नाही. तरी पाहता पाहता त्याचा घट्ट फेस होतो. असं का व्हावं? वॉल्टर रॅम्सडेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०३ साली दाखवून दिले, की प्रथिनाचे द्रावण नुसते हलवले तरी पृष्ठभागावर प्रथिन घट्ट होऊन वेगळे पडते. प्रथिन म्हणजे नीट घडी घालून ठेवलेली लांब साखळी. पाण्याशी न जमणारा तिचा भाग घडीच्या आत झाकलेला असतो. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे ही घडी उलगडते, झाकलेला भाग उघडा पडतो आणि साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. स्वयंपाकघरात हे चालते, औषधात मात्र चालत नाही. कारण घडी मोडली की गुण गेला!

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. हे इन्सुलिन प्रथिनच. पुढे अंगावर बाळगायचे इन्सुलिनचे पंप आले. अंगाची ऊब आणि सततची हालचाल यांमुळे इन्सुलिनचे तंतू बनत आणि नळी तुंबे. जर्मनीतील थुरो आणि गाइसेन या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केले, की पृष्ठसक्रिय द्रव्याचा अल्प अंश घातला तर ही खराबी टळते.

पृष्ठसक्रिय द्रव्य म्हणजे काय? आपला रिठा आठवा. त्यातल्या फेसाळ द्रव्याचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. असे कण पृष्ठभागाकडे आधी धावतात. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ते जागा धरून बसतात. मग प्रथिनाला तिथे थाराच मिळत नाही, आणि त्याची घडी शाबूत राहते. औषधात अर्थात रिठा घालीत नाहीत. पॉलिसॉर्बेट २० किंवा ८० अशी द्रव्ये घालतात. प्रमाण किती? ग्लार्जिन जातीच्या इन्सुलिनच्या एका कुपीत ते दर मिलिलिटरला अवघे २० मायक्रोग्रॅम असते. १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या एकजिनसी प्रतिपिंड-औषधातही पॉलिसॉर्बेट होते. आणि २०२१ साली आपल्यापैकी अनेकांनी दंडावर घेतलेल्या, पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्ड लसीतही ते होतेच.

पण बरं का, राखणदारावरही नजर ठेवावी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिन हे प्रथिन देतात. ते टिकावे म्हणून त्यात मानवी रक्तातले अल्ब्युमिन घालीत. त्यातून रोग पसरेल या भीतीने १९९८ साली युरोपात एका उत्पादनातून ते काढले आणि पॉलिसॉर्बेट ८० घातले. हेतू चांगला होता. पण पुढे काही रुग्णांच्या शरीराने या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, आणि त्या प्रतिपिंडांनी त्यांचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निकामी केले. नव्या तांबड्या पेशी बनणे थांबले. २००२ साली फ्रान्समधून अशा तेरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. शोध सुरू झाला. पॉलिसॉर्बेटने पिचकारीच्या रबरी बुचातील द्रव्ये औषधात उतरवली असावीत, असा एक निष्कर्ष निघाला. दुसऱ्या कारणांचीही चर्चा झाली. बुचांना लेप दिला गेला, टोचण्याची पद्धत बदलली आणि रुग्णांची संख्या घटली.

घरातला एक वासा बदलला तर सारे घर पुन्हा तपासावे, हे गवंड्याला ठाऊक असते. औषधशास्त्राला ते रुग्णांच्या यातनांतून शिकावे लागले. तेव्हा इन्सुलिनची कुपी हाती आली की ती जोराने हलवू नका. तिच्यात एक नाजूक घडी आहे, आणि ती जपण्यामागे शंभर वर्षांची मेहनत आहे.