मागची सीट

अहमदनगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी नगरच येतं. चाकांशी या गावाचं नातं जुनं. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी सुटली ती पुणे ते नगर याच रस्त्यावर. १९७२ मध्ये आलेली कायनेटिकची लूना मोपेड इथल्या कारखान्यात तयार व्हायची. आमच्या आळीत एका घरचा माणूस लूनाच्या कारखान्यात जायचा, तर शेजारच्या घरचा एसटीत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तारकपूर आगारात चालक होते.

एसटीचा आणि लूनाचा इतिहास लोकांनी सांगितला आहे. मला सांगायचं आहे ते तिसऱ्याच एका वाहनाबद्दल. स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना आणखी दोन चाकं लावलेली गाडी, जिला महाराष्ट्रात सगळीकडे नुसतं ‘साइड व्हीलची गाडी’ म्हणतात. कुठल्या मोठ्या कंपनीने ती आखली नाही. पोलिओ झालेल्या मुलांच्या घरांनी आणि गल्लीबोळातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी ती घडवली. आमच्या घरात ती कशी आली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा धाकटा भाऊ १९७४ चा. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पायांतला जोर गेलेला होता. उजवा पाय जास्त, डावा त्यामानाने बरा. त्या काळी जवळपास प्रत्येक आळीत असं एखादं मूल असायचं, आणि त्याच्या घरात कुणीतरी एक जण त्याचं वाहन झालेलं असायचं. आमच्याकडे आधी आईची कंबर, मग माझ्या सायकलचं कॅरिअर. कॅलिपर लावलेला त्याचा पाय आडवा बाहेर यायचा, म्हणून चितळे रोडवरून मी कडेकडेने सायकल चालवायचे.

अपंग मुलांच्या सोयींचा आपल्याकडचा इतिहास चाळला, तर सुरुवात बहुतेक वेळा आईने नाहीतर बापाने केलेली दिसते. मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी त्या मद्रासपर्यंत गेल्या आणि १९४७ मध्ये त्यांनी इतरांच्या मुलांसाठी मुंबईत उपचार केंद्र उघडलं. हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. दवाखाना आणि शाळा अशी दोन दारं या बायांनी उघडली. पण मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं आणि त्याला एकट्याने बाजारात, क्लासला, मित्राकडे जावंसं वाटलं, तर पुढे काय? त्यासाठी निदान आमच्या गावात कुणाकडे उत्तर नव्हतं.

सरकारी शिबिरात भावाला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळाली होती. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने दिशा धरायची. तिने त्याला शाळेपर्यंत नेलं आणि खांदे दणकट केले. पण दिल्ली गेटच्या पुढे गेलं की हात भरून यायचे.

१ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला गिअर नसलेली दुचाकी चालवता येईल अशी त्यात तरतूद होती. नगरच्या पोरांसाठी याचा अर्थ एकच, लूना. भावाच्या वर्गातली मुलं एकेक करून लूनावर दिसायला लागली. त्यालाही सोळा पूर्ण झाली, पण लूना पायडल मारून सुरू करायची. मित्र स्टँडवर लावून सुरू करून द्यायचे, तो बसायचाही. पण गाडी थांबली की पाय टेकवावा लागतो, आणि त्याचा पाय गाडीचा भार पेलत नव्हता. ज्या वयाला कायदा हो म्हणत होता त्या वयाची गाडी त्याला चालत नव्हती, आणि जी चालली असती ती साइड व्हीलची गाडी अठराच्या आत हातात धरता येत नव्हती.

दादा म्हणाले, “दोन वर्षं आहेत ना? रस्ता शीक.” ती दोन वर्षं मला आमच्या घराचा सगळ्यात चांगला काळ वाटतात.

दादांनी तीनचाकी सायकलला आरसा बसवला. वळायच्या आधी हात दाखवायचा, आरशात बघायचं, मगच वळायचं. आळीतली पोरं बघत उभी राहायची, तरी त्यात सूट नाही. सुट्टीच्या दिवशी ते त्याला एसटीच्या पुढच्या सीटवर बसवून घेऊन जायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. “पुढचा ट्रक आता काय करणार?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. भाऊ चाकांकडे, क्लीनरच्या हाताकडे, रस्त्याच्या कडेच्या गुरांकडे बघून उत्तर द्यायचा. चुकला तर का चुकला ते दादा पुढच्या थांब्यापर्यंत समजावत राहायचे. पायांनी गाडी सावरता येत नाही त्याला धोका इतरांच्या आधी दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला आजही ते पटतं.

आईची गोष्ट निराळी. तिचा विरोध होता आणि त्यामागे नेमकं कारण होतं. “पडला तर अनोळखी माणसं त्याला कुठे धरून उचलतील?” कॅलिपरला गुडघ्याशी लॉक असतं. ते न उघडता कुणी बगलेत हात घालून ओढलं तर मांडीला, कमरेला इजा होते. आईने अट घातली : आधी पडायला आणि उठायला शीक, मग गाडीचं बोल. अंगणात गोणपाटं अंथरली. तो मुद्दाम कुशीवर पडायचा, हात मागे नेऊन लॉक उघडायचा, कोपरावर उठायचा, कुबडी ओढून घ्यायचा. आई उंबऱ्यात बसून बघायची आणि हात लावायची नाही. त्या वर्षांत घरातली सर्वांत अवघड गोष्ट कुणी केली असेल तर ती तिने.

गाडी कोणती घ्यायची हे अंगाच्या हिशेबाने ठरलं. तेव्हा घरोघरी बजाज चेतक. तिला किक मारावी लागते, गिअर डाव्या मुठीत आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. ज्याचा उजवा पायच गेलेला, त्याच्यासाठी ती बंद दारासारखी. १९८४ नंतर आलेली कायनेटिक होंडा मात्र बटणावर सुरू व्हायची. गिअर नाही, क्लच नाही, दोन्ही ब्रेक हातात. ती अपंगांसाठी म्हणून बनवलेली नव्हती. तरीही ज्यांच्या पायांत जोर नव्हता त्यांनी ती हेरली, कारण तिला पाय लागतच नव्हते. दादांनी पतपेढीचं कर्ज काढून एक जुनी घेतली.

पुढचं काम मिस्त्रींचं. या धंद्याला तेव्हा पाटी नव्हती. कुणी साइड व्हीलच्या गाडीवर दिसला की दुसरा त्याला थांबवून विचारायचा, कुठे करून घेतली. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांचा बाजार असल्यामुळे तिथून चाकं, बेअरिंगं मिळायची. आम्हाला भेटलेले मिस्त्री नागापूरच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचे. त्यांनी आधी भावाला पाटावर बसवून माप घेतलं. पाय किती वाकतो, कुबड्या कुठे अडकवायच्या, उतरताना तो कुठल्या बाजूचा आधार घेतो, हे सगळं विचारलं. मगच लोखंडी अँगल कापायला घेतला.

साइड व्हील लावली की गाडी सोपी होते असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तिचं सगळं वागणंच बदलतं. दुचाकी वळताना कलते, ही कलत नाही. जोरात वळवली तर बाहेरच्या अंगाला उलटू बघते, आणि चालवणाऱ्याने आपला भार आतल्या बाजूला टाकून तिला धरायचं असतं. इंजिनाचा जोर मधल्या चाकाला. बाजूची चाकं पक्की जोडली आणि ती दोन्ही उंचवट्यावर चढली, की मधलं चाक अधांतरी गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून बाजूच्या चाकांना शॉकअब्सॉर्बर हवेतच. आमच्या मिस्त्रींनी पहिली जोडणी तोडून स्प्रिंग बसवून पुन्हा केली. शिवाय पाय टेकून गाडी मागे घेता येत नाही. आता रिव्हर्सची सोय बसवून मिळते, तेव्हा नव्हती. त्यामुळे कुठेही गाडी लावताना निघायची दिशा आधी ठरवायची, ही सवय भावाला कायमची लागली.

अठरा पूर्ण झाल्यावर कागदांचा भाग आला. कायद्यात अपंगांच्या वाहनाचा एक वेगळा वर्ग होता, ‘इनव्हॅलिड कॅरेज’. त्याची व्याख्या अशी की ते वाहन अपंग व्यक्तीसाठी खास आखलेलं आणि बांधलेलं हवं, नुसते फेरफार केलेलं चालणार नाही, आणि ते फक्त त्या व्यक्तीनेच किंवा तिच्यासाठीच वापरायला हवं. आमची गाडी तर नखशिखांत फेरफारच होती. कागद आरटीओत एका टेबलावर बराच काळ पडून राहिले, कारण तिला कोणत्या रकान्यात बसवायचं ते ठरेना. दादा ड्युटीवरून खाकी कपड्यांतच तिकडे जायचे.

ही व्याख्या आली कुठून, हे मी नंतर शोधलं. ब्रिटनच्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यात ती जवळजवळ याच शब्दांत आहे. आपल्या १९३९ च्या कायद्यात ती आली आणि तिथून १९८८ च्या. ब्रिटनमध्ये तिच्या जोडीला प्रत्यक्ष वाहनही होतं. बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या इंजिनिअरने आपल्या पांगळ्या चुलतभावाच्या, डेरी प्रेस्टन-कॉब याच्या खुर्चीला मोटार बसवली, आणि त्यातून ‘इनव्हाकार’ची कंपनी निघाली. तिथेही सुरुवात घरातूनच झाली. पुढे तिथल्या सरकारने अशा फिक्या निळ्या तीनचाकी गाड्या अपंगांना वापरायला दिल्या. पण गाडीत सीट एकच, सोबत कुणाला बसवायची मुभा नाही. आई आपल्या मुलाच्या गाडीत बसू शकत नव्हती, बाप आपल्या लेकराला घेऊन जाऊ शकत नव्हता. तिथल्या अपंगांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. १९७७ मध्ये मोटॅबिलिटी योजना आली आणि साध्या गाड्या मिळू लागल्या. ३१ मार्च २००३ नंतर सरकारने दिलेल्या त्या निळ्या गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या गेल्या.

आपल्याकडे सरकारने अशी गाडी दिली नाही, याचं दुःख मला आहे. त्या कर्जाचे हप्ते आमच्या घराने भरले आणि ज्यांना भरता येत नव्हते त्यांची मुलं घरातच राहिली. पण मिस्त्रींच्या हातून घडलेल्या गाडीत एक गोष्ट कायद्याच्या कल्पनेपेक्षा मोठी होती. स्कूटरच होती ती, तिला मागची सीट होती.

लायसन्स मिळाल्यावर भावाने आईला माळीवाड्यात विशाल गणपतीला नेलं. मग भिंगारला मावशीकडे, दळण आणायला, कापड बाजारात. जिच्या कमरेवर तो वाढला तिला तो आता घेऊन जात होता. तिच्या गुडघ्यांनी तोवर साथ सोडली होती, त्यामुळे ही हौस नव्हती, घराची गरज होती. सासरहून आले की बसस्टँडवर मला घ्यायला तोच यायचा आणि “ताई, नीट धर,” म्हणायचा. सर्वांत उशिरा मागे बसले ते दादा. बसल्यावर त्यांनी पहिल्या चौकात आपणहून हात दाखवला, सवयीने. भावाने पुढूनच म्हटलं, “दादा, मी दाखवलाय.” नंतर ते मुकाट बसले आणि घरी येऊन आईला म्हणाले, “गाडी हातात आहे त्याच्या.”

नंतर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बदललं. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं, १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. याहून मोठं समाधान आमच्या घराला कशाचं नाही. २०११ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने कर्णबधिरांना परीक्षा उत्तीर्ण झाल्यास लायसन्स नाकारता येणार नाही असा निकाल दिला. २०१९ च्या सुधारणेने कायद्यातला जुना वर्ग काढून ‘अनुकूलित वाहन’ आणलं, ज्यात फेरफार केलेली गाडीही बसते. म्हणजे नागापूरच्या मिस्त्रींनी जे केलं त्याला कायद्याने जागा द्यायला एवढी वर्षं लागली. आजही अशी गाडी ठेवणारी ड्रायव्हिंग स्कूल फार थोडी. मुलाला झेपेल की नाही हे कळण्याआधीच घराला गाडी विकत घेऊन बदलून घ्यावी लागते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आता भावाकडे अशी गाडी शिकायला येणारी मुलं पोलिओची नसतात. कुणाचा अपघात झालेला, कुणाच्या मणक्याला मार बसलेला, कुणाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. सध्या सावेडीतली एक सतरा वर्षांची मुलगी येते. पाय ताठ, आणि डावा हातही. तिचं कोडं पोलिओच्या मुलांना कधी पडलं नव्हतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरना आता एकत्रित ब्रेक असतो, आणि तो बहुधा डाव्या मुठीत. तिची डावी मूठ वेळेवर वळत नाही. म्हणून ती जोडणी उजवीकडे घ्यायची आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, लहान मोटारीच्या विजेच्या गाडीला लायसन्स लागत नाही. त्यामुळे अठरा होईपर्यंत ती तशाच एका गाडीवर मैदानात वळणं घेते. तिची आई घाबरत नाही, वडील घाबरतात. भावाने त्यांना सांगितलं आहे, तिला नुसतं मोकळ्या मैदानात गोल फिरवू नका, एसटीच्या पुढच्या सीटवर बसवा आणि ट्रक काय करणार ते विचारा. शिवाय साइड व्हील लावली की गाडी रुंद होते, तेव्हा घराचं फाटक आताच मोजून घ्या, आणि मागच्या सीटखालचे शॉक भक्कम टाका, कारण आधी आईच बसणार आहे.