मत्स्यगंधा ते काळुबाई

आशालता वाबगावकर हे नाव चटकन आठवणार नाही, पण पडद्यावरची ती आई, ती सासू आपण सगळ्यांनी पाहिलीय. बाई मूळच्या गोव्याच्या. 'मत्स्यगंधा' नाटकात त्यांनी सत्यवती केली, पदंही स्वतःच गायल्या. ते नाटक लिहिणारे वसंत कानेटकर आपल्या रहिमतपूरचे! पुढं हिंदीत 'अपने पराये', मराठीत 'उंबरठा'. पोस्टरवर नायिका असते, पण सिनेमातलं घर खरं वाटतं ते अशा बायकांमुळं, असं आम्हाला वाटतं.

२०२० मध्ये कोरोनामुळं ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. ऑगस्टमध्ये हायकोर्टानं ती उठवली. आमच्या गटातल्या साठीपुढच्या बायांनाही तेव्हा भांगलणीला जाऊ नका म्हणणारे खूप होते, बुडालेली हजेरी भरून देणारं कुणी नव्हतं.

आशालताबाई 'आई माझी काळुबाई' मालिकेसाठी सातारा जिल्ह्यात आल्या. सेटवर कोरोना शिरला. २२ सप्टेंबरला साताऱ्यातच त्या गेल्या. वय ७९, आणि मालिका सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला.