अग्निरक्षणाचा अधिकारी : कौटिल्याचा नागरिक व रोमच्या जागल्यांचा प्रीफेक्ट

प्राचीन राज्यांच्या कारभाराची चिकित्सा करितांना सेनापति, अमात्य व धर्माधिकारी ह्यांच्या अधिकारांविषयीं विपुल लेखन झालें आहे. परंतु नगरांतील आगीच्या बंदोबस्तावर ज्याची देखरेख असे, त्या अधिकाऱ्याकडे अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या अधिकाऱ्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. कसर, वाळवी व ओल ह्यांस पोथी खावयास वर्षें लागतात. आगीस एक प्रहरही पुरतो. हा अधिकारी कसा असावा, त्यानें काय करावें आणि तो चुकल्यास त्यास जाब कोणीं विचारावा, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दोन प्राचीन ग्रंथांत काय मिळतात, तें प्रस्तुत लेखांत आम्ही पाहणार आहों.

पहिला ग्रंथ कौटिलीय अर्थशास्त्र. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील छत्तिसावा अध्याय ‘नागरिकप्रणिधि’ ह्या नांवाचा असून नगराच्या मुख्य अधिकाऱ्याचीं कर्तव्यें त्यांत सांगितलीं आहेत. येथें ‘नागरिक’ म्हणजे आजच्या अर्थानें शहरचा रहिवासी नव्हे, तर शहराचा अधिकारी, हें ध्यानांत ठेवावें. दुसरा ग्रंथ रोमन कायद्याचा ‘डायजेस्ट’. सम्राट् जस्टिनियन ह्यानें तो इ. स. ५३३ मध्यें अमलांत आणिला. त्याच्या पहिल्या भागांतील पंधरावें प्रकरण जागल्यांच्या प्रीफेक्टाच्या कर्तव्यांस वाहिलेलें आहे. रोममध्यें रात्रीं पहारा करून आगी विझविणाऱ्या पथकांच्या लॅटिन नांवाचा अर्थ ‘जागे राहणारे’ असा आहे. आमच्या गांवगाड्यांतील ‘जागल्या’ ह्या शब्दाशीं तो इतका जुळतो कीं, आम्ही तोच शब्द येथें योजीत आहों.

हे दोन्ही ग्रंथ थोड्या प्रतींच्या आधारें आपणांपर्यंत पोहोंचले आहेत. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्री पोथीवरून शामशास्त्री ह्यांनीं १९०५ मध्यें अर्थशास्त्र प्रकाशांत आणिलें व १९०९ मध्यें त्याची संहिता छापली. पुढें र. पं. कंगले ह्यांनीं उपलब्ध प्रती ताडून सिद्ध केलेली आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० ते १९६५ ह्या काळांत तीन भागांत प्रसिद्ध केली. डायजेस्टची सर्वांत महत्त्वाची प्रत सहाव्या शतकांतील असून ती पिसा येथें होती. १४०६ मध्यें फ्लॉरेन्सनें पिसा जिंकल्यावर ती तिकडे गेली. आगीच्या बंदोबस्ताचे हे नियम जर दोन-चार ठिकाणच्या आगींतच नष्ट झाले असते, तर आज त्यांचें नांवही उरलें नसतें.

अर्थशास्त्राचा काळ पूर्वी चंद्रगुप्त मौर्याचा, म्हणजे इ. स. पूर्व चौथ्या शतकाचा, धरीत. अलीकडे ऑलिव्हेल ह्यांच्यासारखे संशोधक ग्रंथाची घडण इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंतच्या काळांत झाली असें मानितात. हा काळ धरिल्यास दोन्ही संस्था जवळजवळ समकालीन ठरतात. तथापि एकीनें दुसरीचें अनुकरण केलें असें आम्ही सुचवीत नाहीं. लांकूड, गवत व दाट वस्ती हें कारण दोहोंकडे समान होतें, इतकें साम्याच्या उलगड्यास पुरेसें आहे. नदीकांठचीं हिंदी नगरें लांकडाचीं असत असें मेगॅस्थेनीसच्या आधारें ग्रीक लेखक सांगतात, आणि पाटणा येथें बुलंदीबाग ह्या ठिकाणीं पाटलिपुत्राच्या लांकडी तटाचे अवशेष उत्खननांत सांपडलेही आहेत. महापरिनिब्बानसुत्तांत पाटलिपुत्रास आग, पाणी व आपसांतील फूट अशीं तीन भयें सांगितलीं आहेत. त्यांत आगीचें नांव पहिलें आहे, हें लक्षणीय होय.

आतां कौटिल्याच्या नागरिकाकडे वळूं. त्याच्या हाताखालीं नगराच्या एकेका चतुर्थांशावर ‘स्थानिक’ व दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर ‘गोप’ असे अधिकारी असत. गोपानें आपल्याकडील स्त्रीपुरुषांचीं नांवें, गोत्रें, धंदे, आय व व्यय ह्यांची माहिती ठेवावयाची. आगीचे नियम ह्या व्यवस्थेवर उभे आहेत. कोणत्या घरीं कोण राहतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तेथील चूल कोण पेटवितो हें कसें समजणार? उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन भागांत घरांत विस्तव पेटविणारास एक-अष्टमांश पण दंड सांगितला आहे. स्वयंपाक करणें तर तो बाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घट असावे. शिवाय कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, कचग्रहणी व कातड्याची पखाल हीं साधनें असावीं. तीं न ठेवणारास पाव पण दंड. ‘कच’ म्हणजे केस. तेव्हां कचग्रहणी हें छपराचें गवत केसांप्रमाणें पकडून ओढून काढण्याचें साधन असावें, असें नांवावरून दिसतें. गवताचीं व चटयांचीं छपरें काढवावीं, विस्तवावर पोट भरणाऱ्या कारागिरांस एके ठिकाणीं वसवावें, आणि रस्त्यांवर, चवाठ्यांवर, वेशींपाशीं व राजवाड्यांशीं हजारों घडे पाण्यानें भरून ठेवावे, असेंही तो सांगतो.

आग लागल्यावर विझविण्यास धांवून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण व भाडेकरूस सहा पण दंड आहे. निष्काळजीपणानें आग लागल्यास चौपन्न पण. बुद्ध्या लावणारास मात्र अग्नीनेंच देहांत शासन. रात्रीं ठराविक वेळेनंतर रस्त्यानें फिरण्यास बंदी असे. परंतु सुईण, वैद्य, प्रेतयात्रा ह्यांच्याप्रमाणेंच आगीच्या निमित्तानें निघालेल्या मनुष्यास पहारेकऱ्यांनीं अडवूं नये, असा अपवाद आहे. ह्या एका अपवादावरून नियम घालणारास प्रत्यक्ष व्यवहार किती ठाऊक होता, हें दिसून येईल. एका हातानें धांवण्याची सक्ति करावयाची व दुसऱ्या हातानें धांवणारास धरावयाचें, असा विसंवाद त्यानें राहूं दिला नाहीं.

ह्या सर्व व्यवस्थेंत पगारी विझविणारा कोठेंही नाहीं. प्रत्येक घरधनी हाच विझविणारा असून नागरिक हा त्यांचा देखरेख्या आहे. जलस्थानें, मार्ग, तट व कोट हीं त्यानें नित्य स्वतः पाहावीं, असें त्याचें कर्तव्य सांगितलें आहे. रोममध्यें नेमकी उलट व्यवस्था झाली, आणि तिचें कारण राजकीय होतें.

रोमच्या प्रजासत्ताकांत हें काम तीन कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे असून त्यांच्या दिमतीस सरकारी गुलाम असत. पवित्र मार्गावरील आगीस उशिरां पोंचल्याबद्दल ह्या मंडळांतील तिघांवर खटला होऊन ते दोषी ठरले. आणखी एकावर पहाऱ्यांची फेरी हयगयीनें केल्याचा आरोप झाला, असें व्हॅलेरियस मॅक्सिमस नमूद करितो. पुढें ऑगस्टसच्या काळीं एग्नेशियस रूफस ह्या अधिकाऱ्यानें स्वतःच्या गुलामांचें पथक उभारून लोकांच्या घरांच्या आगी विझविल्या, आणि त्या लोकप्रियतेच्या बळावर तो वरचीं पदें मागूं लागला. त्याचा शेवट इ. स. पूर्व १९ मध्यें कटाच्या आरोपाखालीं देहांत शासनांत झाला. जो आग विझवितो त्यास लोक आपला तारक समजतात, व तारकाच्या मागें जमाव उभा राहतो, हा धडा ऑगस्टस विसरला नाहीं. त्यानें इ. स. पूर्व २२ मध्यें ६०० गुलाम ह्या कामीं दिले होतेच, इ. स. ६ मध्यें दास्यमुक्त लोकांचीं सात पथकें स्थापून शहराच्या चौदा विभागांपैकीं दोन-दोन विभाग एकेका पथकाकडे सोंपविले. पथकावर ट्रिब्यून, आणि सर्वांवर अश्वारोही वर्गांतील एक प्रीफेक्ट. उच्च सिनेटर वर्गाबाहेरचा व सम्राटाच्या नेमणुकीवर अवलंबून असणारा मनुष्य निवडण्यांत एग्नेशियसची आठवण असावी, असें आम्हांस वाटतें.

प्रीफेक्टाचीं कर्तव्यें डायजेस्टमध्यें पौलुस व उल्पियन ह्या कायदेपंडितांच्या आधारें दिलीं आहेत. त्यानें रात्रभर जागें राहावें. पायांत जोडे घालून, ‘हामा’ व कुऱ्हाडी बरोबर घेऊन फिरावें. हामा ह्या शब्दाचा अर्थ कोणी पाण्याची बादली करितात, कोणी आंकडा. कौटिल्याच्या यादींत कुंभ व अंकुश हे दोन्ही असल्यानें कोणताही अर्थ घेतला तरी साम्य कायम राहतें. आगी बहुधा रहिवाश्यांच्या चुकीनेंच लागतात, म्हणून विस्तवाविषयीं बेपर्वाई करणारास प्रीफेक्टानें फटके मारावे, किंवा कडक ताकीद देऊन सोडावें. प्रत्येक भाडेकरूनें आपल्या माडीवर पाणी भरून ठेवावें, अशी सूचना त्यानें सर्वांस द्यावी. आगी लावणारे, घरफोडे, चोर व चोरीचा माल ठेवणारे ह्यांचा न्याय तोच करी. मात्र सम्राट् सेव्हेरस व त्याचा पुत्र ह्यांनीं जूनियस रूफिनस ह्या प्रीफेक्टास लिहिलेल्या आज्ञेप्रमाणें, बुद्ध्या आग लावणारांस त्यानें नगराच्या वरिष्ठ प्रीफेक्टाकडे पाठवावयाचें होतें. माडीवरचें पाणी व कौटिल्याचे पांच घट ही एकच गोष्ट होय. निष्काळजीपणा व दुष्ट बुद्धि ह्यांत केलेला भेदही दोहोंकडे एकच आहे.

येथें पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. ज्यास मध्यरात्रीं कोणाचेंही दार ठोठावितां येतें आणि घरांत पाणी आहे कीं नाहीं हें पाहतां येतें, त्याच्या हातीं किती सत्ता आली ह्याचा विचार करावा. कौटिल्य म्हणतो कीं, सर्व अध्यक्ष अमात्याच्या गुणांनीं युक्त असावे व आपापल्या शक्तीप्रमाणें कामावर नेमावे. त्या गुणांत दूरदृष्टि, स्मरणशक्ति, उत्साह, क्लेश सोसण्याची तयारी व शुचिता हे येतात. परंतु मनुष्यांचीं चित्तें कामावर लागल्यावर पालटतात, म्हणून त्यांची परीक्षा सतत चालू ठेवावी, असेंही तो लगेच सांगतो. ह्याला अनुसरून नागरिकप्रणिधींत रात्रींचा अपघात न कळविणाऱ्या किंवा प्रमाद करणाऱ्या नागरिकासही दोषानुरूप दंड आहे. अडवूं नये त्यास अडविणारा व अडवावें त्यास सोडणारा पहारेकरीही दंडास पात्र आहे.

रोममध्यें ट्रिब्यून बहुधा सैन्यांत मुरलेले असत, आणि जागल्यांस उत्तेजन म्हणून इ. स. २४ च्या कायद्यानें सहा वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण नागरिकत्व मिळूं लागलें. परंतु प्रीफेक्टाचें पद सम्राटाच्या मर्जीची पायरी बनलें. इ. स. ३१ मध्यें सेजानसला पकडतांना जागल्यांचा प्रीफेक्ट लाको ह्याच्या पथकानें सिनेटची सभा वेढिली. तेथें आगीचा संबंध नव्हता. टिगेलिनस हा ह्याच पदावरून इ. स. ६२ मध्यें अंगरक्षक सैन्याचा प्रीफेक्ट झाला. इ. स. ६४ ची मोठी आग एकदां आटोक्यांत आल्यावर दुसऱ्यांदा भडकली ती त्याच्याच मालकीच्या जागेंतून, व त्यामुळें लोकांत कुजबूज झाली, असें टॅसिटस लिहितो. प्रजासत्ताकांत उशीर झाल्याबद्दल खटला होई. साम्राज्यांत प्रीफेक्ट एका माणसास उत्तर देई. व्यवस्था बलवान झाली, पण जाब विचारणारे कमी झाले.

विशेष हें कीं, ह्या आगीनंतर नीरोनें जे नियम केले त्यांत प्रत्येक मालकानें आग विझविण्याचीं साधनें उघड्यावर ठेवावीं असें कलम आहे. आणि पुढें निकोमीडिया शहरांत मोठी आग लागल्यावर तेथें १५० कारागिरांचें पथक स्थापण्याची प्लिनीनें मागितलेली परवानगी ट्राजननें नाकारली. अशा मंडळ्यांतून राजकीय टोळ्या होतात; त्यापेक्षां साधनें पुरवावीं व घरमालकांनीं तीं वापरावीं, असें त्याचें उत्तर होतें. म्हणजे राजधानीबाहेर रोमही त्याच उपायावर आलें, जो कौटिल्यानें सांगितला होता.

दोन्ही ग्रंथ ताडून पाहतां आग विझविण्यावरील देखरेख्याचीं तीन लक्षणें ठरतात. त्यास घरोघरची माहिती असावी. आग लागण्यापूर्वीं तो स्वतः जागा व पायीं फिरता असावा. आणि चूक झाल्यास तो स्वतः दंडास पात्र असावा. पहिलीं दोन लक्षणें असून तिसरें नसेल, तर रक्षकाचा धनी होतो. शौर्य हा गुण दोहोंकडे गृहीत धरिलेला दिसतो; त्यावर शब्द खर्च केलेले नाहींत.

आमच्याकडेही हा विषय केवळ पुस्तकी नाहीं. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं पेटला. आंतील लांकडी इमारती गेल्या व दगडी तट उरला. त्याच्या आंतील रचनेची कल्पना आज आपण कागदांवरून व पायांवरून करितों. पेशवाईंत पुण्याचें नगररक्षण कोतवालाकडे होतें. ज्यांच्या संग्रहीं कोतवाली चावडीचे हिशेब, ताकीदपत्रें किंवा पेठांचीं दप्तरें असतील, त्यांनीं त्यांतील पाण्याचे हौद, पखालजी, छपरें व विस्तव ह्यांविषयींचे उल्लेख निवडून मूळ शब्दांसह प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंती आहे. आग लागल्याची नोंद बखरकार ठेवितो. ती लागूं नये म्हणून कोण रात्रभर फिरला, हें बहुधा खर्चाच्या एखाद्या ओळींतच सांपडतें.